निळ्या दोऱ्याच्या चादरी

हॅलोवेलच्या रुग्णालयात भेटीची वेळ दुपारी सुरू होत असे, आणि त्याआधीच अर्मिंटा ब्रॉडनॅक्स मागच्या दाराशी येऊन उभ्या असत. डोक्यावर गडद निळी टोपी, हातांत पांढरे हातमोजे, काखेत पर्स. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जियातला जूनचा उकाडा कोणाच्या मानपानाची पर्वा करत नाही. पण अर्मिंटाबाईही उकाड्याची पर्वा करणाऱ्यांपैकी नव्हत्या. बेथेल चर्चच्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्षा होत्या. काळ्या वस्तीत त्यांना लहानथोर सगळे ‘मदर ब्रॉडनॅक्स’ म्हणत आणि त्या आल्या की बसलेली माणसे उठून जागा देत. रुग्णालयाचे समोरचे दार मात्र त्यांच्यासाठी नव्हते. काळ्या माणसांसाठी मागचे दार होते आणि त्या दारातून थेट तळघरात उतरणारा जिना.

तळघरात डोक्यावरून गरम पाण्याचे नळ गेलेले होते आणि शेजारच्या धुलाईखान्याची वाफ भिंतींना ओल आणीत असे. तिथे एका खाटेवर त्यांचा धाकटा भाऊ लुशियस निजून होता. आई लवकर गेल्यामुळे त्याला अर्मिंटाबाईंनीच वाढवले होते. जन्मभर ओझी उचलून त्याला अंतर्गळ, म्हणजे हर्निया, झाला होता. डॉक्टरांनी तो दाबून आत बसवला होता, पण पुन्हा अडकला तर आतडे सडेल, असे बजावले होते. शस्त्रक्रिया जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठरली होती. कारण म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याचा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा नवा कायदा तेव्हापासून लागू व्हायचा होता, आणि लुशियसकडे त्या कायद्याच्या कार्डाशिवाय दुसरे काही नव्हते.

बहीणभाऊ एकत्र आले की भांडण ठरलेले, आणि भांडणाचा विषयही ठरलेला. लुशियस रूझवेल्टचा भक्त होता. मंदीच्या काळात सरकारी कामावर त्याला मजुरी मिळाली होती, आणि ते काम म्हणजे नेमके हेच रुग्णालय. रूझवेल्ट वारले तेव्हा त्यांचे शव घेऊन जाणारी आगगाडी पाहायला तो रुळांच्या कडेला टोपी हातात घेऊन उभा राहिला होता आणि लहान मुलासारखा रडला होता. अर्मिंटाबाईंना ते रडणे कधीच पटले नव्हते.

“ह्या विटा मी बसवल्यात, ताई,” लुशियस भिंतीवर हात ठेवून म्हणे. “रूझवेल्टनं हातात थापी दिली म्हणून. नाहीतर त्या साली आपण मेलोच होतो.”

“त्याच थापीनं स्वतःला पुरून घेतलंस,” अर्मिंटाबाई म्हणत. “वरचे मजलेही तूच बांधलेस ना? मग तिकडं का नाही निजलास?”

“तुझा जॉन्सन कुत्र्याला कान धरून उचलतो. पेपरात फोटो आला होता.”

“कुत्र्यालाच नाही, सिनेटरांनाही तसाच उचलतो. तुझ्या साहेबाला तेवढं जमलं असतं तर आज मी ह्या जिन्यानं उतरले नसते.”

शेजारच्या खाटांवरची माणसे खुसखुसत. तळघरात रेडिओ नव्हता. दुपारची ही जुगलबंदी ऐकण्यासाठी काहीजण झोप लांबणीवर टाकत.

अर्मिंटाबाईंचा राग जुना होता आणि त्याला जागा होती. म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला, त्या वर्षी त्या जज्ज हॅथवे यांच्या घरी स्वयंपाकाला होत्या. रविवारच्या जेवणाला पाहुणे आले होते आणि त्या वाढायला उभ्या होत्या. जज्जसाहेब हसून सांगत होते की शेतावर राबणारे आणि लोकांच्या घरी राबणाऱ्या बायका ह्या कायद्यातून बाहेर ठेवल्या आहेत; दक्षिणेच्या मतांशिवाय राष्ट्राध्यक्षांचे पान हलत नव्हते, म्हणून त्यांनी निमूटपणे मान डोलावली. एवढे बोलून साहेबांनी अर्मिंटाबाईंकडे न पाहताच रस्सा मागितला होता. त्यांनी तो वाढला होता. काळ्या वस्तीतल्या बहुतेक बायका कोणाच्या ना कोणाच्या घरी राबत होत्या; त्या सगळ्यांना त्या एका वाक्यात कायद्याबाहेर ठेवले गेले होते. पुढे बऱ्याच वर्षांनी ती चूक सुधारली गेली, पण तोवर त्यांच्या कित्येक मैत्रिणी कपडे धुताधुताच मेल्या.

जॉन्सनचे तसे नव्हते, असे त्यांचे म्हणणे. तो स्वतः दक्षिणेचा, तोंडाने फटकळ, वागायला धसमुसळा. पण त्याने पैशाच्या पेटीला कुलूप घातले होते. ज्या रुग्णालयात काळे आणि गोरे वेगळे निजतील, त्याला सरकारी पैसा नाही. मनधरणी नाही, मागचा दरवाजा नाही.

“रूझवेल्टला आपली मतं पुरणार नव्हती, दक्षिणेतल्या गोऱ्यांची हवी होती,” लुशियस समजावणीच्या सुरात म्हणे. “मिळालं तेवढं घेतलं त्यानं. सगळंच मागत बसला असता, तर मला ती मजुरी तरी कुठली मिळणार होती? आणि तुझ्या जॉन्सननं काय केलं? रूझवेल्टनं मला थापी दिली, त्यानं माझ्या नातवाला बंदूक.”

लुशियसची मुलगी डेल्फीन हिचा मुलगा गेल्या हिवाळ्यात व्हिएतनामला गेला होता. रूझवेल्टच्या लढाईतही आपली पोरे गेली होती, हे अर्मिंटाबाईंच्या ओठांवर येई. पण डेल्फीन पायथ्याशी बसलेली असे, म्हणून त्या मोजे काढून पुन्हा चढवीत आणि उशी सारखी करण्याच्या निमित्ताने भावाला दटावून निजायला लावीत.

जून संपत आला तेव्हा, एका दुपारी, रुग्णालयाचे व्यवस्थापक श्री. क्रॅडक स्वतः तळघरात उतरले. ते आजवर तिथे कधी आले नव्हते. नळाला डोके लागू नये म्हणून ते वाकून चालत होते आणि त्यांच्यामागे मुख्य परिचारिका मिस यान्सी होती. लुशियसच्या खाटेपाशी येऊन त्यांनी गोड शब्दांत सांगितले की उद्या सकाळी वॉशिंग्टनहून एक माणूस पाहणीला येणार आहे. काळे आणि गोरे एकाच खोलीत आहेत, हे त्याला दिसले पाहिजे. म्हणून लुशियसला आणि आणखी काहीजणांना सकाळी वर नेण्यात येईल. विचारले तर, रविवारपासून इथेच आहे, एवढेच सांगायचे.

“आणि उद्या संध्याकाळी?” अर्मिंटाबाईंनी विचारले.

क्रॅडक यांनी त्यांच्याकडे प्रथमच पाहिले. “तू त्याची बहीण ना, अर्मिंटा? तू शहाणी आहेस. ह्या पाहणीचा दाखला मिळाला नाही तर सरकारी पैसा नाही, आणि पैसा नाही तर तुझ्या भावाचं ऑपरेशन नाही. मला दुसरं काही सांगायचं नाही.”

ते गेल्यावर लुशियसने बहिणीचा हात धरला. मनगटाजवळ, लहानपणी नदी ओलांडताना धरीत असे तसा. एक दिवस नाटक करायचे, एवढेच आहे, असे त्याने विनवले. एकदा पैसा सुरू झाला की हळूहळू दारेही उघडतील. सगळे असेच होत आले आहे, थोडे आज, थोडे उद्या. तिने जॉन्सनचे कुलूप जॉन्सनलाच सांभाळू द्यावे. डेल्फीननेही तेच म्हटले, आणि तिने आत्याकडे न पाहता म्हटले.

अर्मिंटाबाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी भावाच्या कपाळावरचा घाम पुसला आणि त्या निघाल्या. लुशियसने ताईचे मौन जन्मभर होकार म्हणून घेतले होते, कारण त्याच्या बाबतीत ते नेहमी होकारच ठरत आले होते. त्या दिवशीही त्याने तसेच घेतले आणि तो शांत झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्मिंटाबाई मागच्या दाराशी आल्या, तर तिथे मिस यान्सी वाट पाहत होती. “या, ब्रॉडनॅक्सबाई,” ती म्हणाली. “आज पुढून या तुम्ही.” तिच्या तोंडी ‘बाई’ हा शब्द नव्या बुटासारखा करकरला. अर्मिंटाबाई इमारतीला वळसा घालून पुढच्या दाराने आत गेल्या, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. कारण पायऱ्या चढताना त्यांनी नकळत टोपी नीट केली होती.

वरच्या खोलीला मोठी खिडकी होती. बाहेर मॅग्नोलियाचे झाड होते आणि वारा आत येत होता. लुशियस उशांना टेकून बसला होता, दाढी केलेला, वयाने कितीतरी लहान दिसणारा. दुसऱ्या खाटेवर हर्शेल पाइक नावाचा एक गोरा म्हातारा होता, सूतगिरणीचा जुना पहारेकरी. त्याच्या खोकल्यावर फुकट उपचार करण्याचे क्रॅडक यांनी कबूल केले होते, म्हणून तो ह्या खोलीत निजायला तयार झाला होता. सुरुवातीला त्याने भिंतीकडे तोंड केले होते. पण अर्मिंटाबाई पोचल्या तेव्हा दोघे म्हातारे हसत होते.

“ताई, हा पाइक,” लुशियस म्हणाला. “हा त्या वेळी इथंच चुना कालवायला होता. मी तळघराच्या भिंतीवर आणि हा वर. आमचा मुकादम आठवतोय त्याला.”

“तो लंगडा सैतान,” पाइक म्हणाला. “तुमची पाण्याची बादली वेगळी असायची, आमची वेगळी. एकदा आमची सांडली, तेव्हा मी गपचूप ह्याच्या बादलीतलं प्यायलो होतो. मेलो नाही.” आणि तो खोकत खोकत हसला. मग दोघे रूझवेल्टबद्दल बोलू लागले. पाइकच्या बापाचे शेत त्या काळात लिलावातून वाचले होते. त्या माणसासारखा दुसरा झाला नाही, ह्यावर दोघांचे एकमत होते.

अर्मिंटाबाई खुर्चीवर बसून ऐकत होत्या. भाऊ असा मोकळा हसलेला त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. त्यांच्या मनात आले की हे जर खरे असते, तर एवढ्यावरही त्या मुकाट राहिल्या असत्या. हेही त्यांनी पूर्ण विचार करूनच स्वतःशी कबूल केले. लुशियसची चादर खाली सरकली होती. ती नीट खोचण्यासाठी त्या वाकल्या. चादरीच्या काठाला निळ्या दोऱ्याचे टाके होते.

त्या टाक्यांचा अर्थ त्यांना ठाऊक होता. रुग्णालयात राबलेल्या वस्तीतल्या प्रत्येक बाईला तो ठाऊक होता. तळघरातल्या चादरी, टॉवेल, अभ्रे, सगळ्यांना काठाशी निळा दोरा घालत, म्हणजे धुताना ते वरच्या मजल्याच्या कपड्यांत मिसळू नयेत. पाइकच्या चादरीचा काठ पांढरा होता. म्हणजे एका सकाळच्या नाटकासाठीसुद्धा वरची चादर काळ्या अंगाखाली घालायचे ह्या लोकांच्या जिवावर आले होते. भावाला वर आणला, तो तळघरात गुंडाळूनच.

थोड्या वेळाने पाहणी करणारा आला. मिनेसोटाकडचा तरुण गोरा, नाव लिंडक्विस्ट, शर्ट पाठीला चिकटलेला, डोळ्यांखाली कित्येक गावांचा शीण. मागे क्रॅडक आणि मिस यान्सी. त्याने लुशियसला आदराने विचारले की तो ह्या खोलीत केव्हापासून आहे.

“रविवारपासून, साहेब,” लुशियस म्हणाला. “फार चांगलं ठेवलंय मला.”

पाइकने छताकडे पाहत दुजोरा दिला. लिंडक्विस्टने दोघांचे आभार मानले आणि जाता जाता, केवळ रीत म्हणून, अर्मिंटाबाईंना विचारले की त्यांना काही सांगायचे आहे का.

लुशियसने बहिणीकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. त्याला खात्री होती.

अर्मिंटाबाई उठल्या. त्यांनी हातातला मोजा काढला, भावाच्या चादरीचा काठ उलटा केला, मग दोन पावले चालून पाइकच्या चादरीचा काठ उलटा केला. “हे निळे टाके तळघराचे आहेत,” त्या म्हणाल्या. “ह्याला आज सकाळी न्याहारीनंतर वर आणलाय आणि तुम्ही फाटकाबाहेर पडलात की खाली नेतील. तळघराचा जिना मागं आहे. खाली धुलाईखान्यात गेलात तर दोन ढीग दिसतील. चला, मी दाखवते.”

क्रॅडक काही म्हणू लागले, तेव्हा लिंडक्विस्टने हात वर केला आणि दार उघडून धरले, बाईंनी पुढे व्हावे म्हणून.

त्या परत वर आल्या तेव्हा लुशियस एकटाच होता. पाइकला दुसरीकडे हलवले होते. खिडकी मिटलेली होती.

“त्यानं सगळं पाहिलं,” अर्मिंटाबाई म्हणाल्या. “आता त्यांना पुढचं दार उघडावंच लागेल. फार दिवस नाही लागायचे.”

“तुझी लढाई होती, ताई,” लुशियस म्हणाला. “माझ्या पोटावर का लढलीस?”

त्याच संध्याकाळी त्याला घरी पाठवले. तातडीचे काही नाही, असे सांगितले गेले. विश्वस्तांची बैठक झाली आणि त्यांनी ठरवले की सरकारचा पैसा सरकारला लखलाभ असो, हॅलोवेल आपल्या पायांवर उभे राहील. गोऱ्या वस्तीत त्या ठरावाला टाळ्या पडल्या. काळ्या वस्तीत रविवारी पाद्रीबुवांनी मदर ब्रॉडनॅक्स यांच्या धैर्याबद्दल प्रार्थना केली. पण ज्यांची माणसे त्या तळघरात होती, ते प्रार्थना संपण्यापूर्वीच उठून गेले. डेल्फीन त्यांत होती.

जुलैच्या मध्यावर अंतर्गळ अडकला. डेल्फीन त्याला आपल्या जुन्या मोटारीत मागच्या बाकावर निजवून लांबच्या कोलंबस शहरात घेऊन गेली. अर्मिंटाबाईंनी त्याचे डोके मांडीवर घेतले होते, आणि प्रत्येक खड्ड्याला तो आईला हाक मारीत होता, त्यांना नाही. तिथल्या रुग्णालयाकडे दाखला होता. पुढच्या दाराने आत घेतले, गोऱ्यांच्या रांगेत खाट दिली, कार्ड पाहून कोणी कपाळाला आठी घातली नाही. डॉक्टरांनी हात राखला नाही. पण आतडे आधीच काळे पडले होते. चौथ्या दिवशी लुशियस गेला, स्वच्छ पांढऱ्या चादरीवर, जॉन्सनच्या कायद्याच्या प्रत्येक नियमात नीट बसून.

दफनाला पाइक आला होता. कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर, टोपी हातात घेऊन, उभा होता. अर्मिंटाबाईंनी त्याला मान लववून नमस्कार केला. त्याने तो घेतला नाही, की त्याला दिसला नाही, हे त्यांना कळले नाही.

ऑक्टोबरात विश्वस्त वाकले. काळ्यांसाठी नव्हे. हॅलोवेलमधल्या गोऱ्या म्हाताऱ्यांकडेही तेच कार्ड होते आणि त्यांना ते आपल्या गावात वापरायचे होते. बिले भरून त्यांची मुले थकली होती. तळघराला कुलूप लागले, तिथे मोडक्या खाटा भरल्या गेल्या. एकाच रंगाच्या चादरी सर्वांना घालू लागले. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या.

थंडी सुरू झाल्यावर अर्मिंटाबाईंना श्वास घेणे जड जाऊ लागले. पायांवर सूज आली आणि डेल्फीन त्यांना हॅलोवेलच्याच रुग्णालयात घेऊन गेली, पुढच्या दाराने. ती सगळे करीत होती. औषध वेळेवर देत होती, पाठीला उशी लावत होती. फक्त गरजेपुरते बोलत होती. दोन खाटांची खोली मिळाली. दुसऱ्या खाटेवर एक गोरी बाई होती. तिने पहिल्याच तासात नातेवाइकांना बोलावून दुसरी खोली मागितली आणि ती तिला देण्यात आली. तेव्हापासून ती खाट रिकामीच होती. चर्चच्या बायका भेटायला येत, खिडकीतून बाहेर पाहत, गादी दाबून पाहत, आणि हळू आवाजात म्हणत की मदर ब्रॉडनॅक्स यांनी हे आपल्याला मिळवून दिले. डेल्फीन अशा वेळी व्हरांड्यात जाऊन उभी राहत असे.

एका दुपारी त्या बायका गेल्यावर डेल्फीन आत आली. तिच्या हातात व्हिएतनामहून आलेले मुलाचे पत्र होते. वाचून झालेले, घडी न घातलेले.

“आत्या,” ती म्हणाली, “एक विचारू? उलट बोलू नका, भाषण करू नका. नुसतं उत्तर द्या. तुम्ही त्या दिवशी गप्प राहिला असतात, तर बाबांचं ऑपरेशन झालं असतं?”

अर्मिंटाबाईंना जन्मात कधी उत्तरासाठी थांबावे लागले नव्हते. रूझवेल्टविषयी, जॉन्सनविषयी, जज्ज हॅथवे यांच्या जेवणाच्या टेबलाविषयी त्यांच्याजवळ तयार वाक्ये होती, आणि ती अजूनही खरी होती. ह्या मजल्यावर आता जी काळी माणसे निजत होती त्यांची नावेही त्या सांगू शकल्या असत्या. त्यांनी डेल्फीनकडे पाहिले. तिचे कपाळ थेट लुशियसचे होते.

“हो,” त्या म्हणाल्या. “झालं असतं.”

“वाचले असते?”

“वाचला असता.”

डेल्फीनने मान हलवली. तिला एवढेच हवे होते असे दिसले. तिने पुढे विचारले नाही की आज पुन्हा तशी वेळ आली तर काय कराल. अर्मिंटाबाई त्या प्रश्नाची वाट पाहत राहिल्या. त्याचेही उत्तर त्यांच्याकडे होते, आणि तो प्रश्न कोणी विचारणार नव्हते, हे त्यांना हळूहळू उमजले. परिचारिका दुपारचे जेवण घेऊन आली, अदबीने ‘ब्रॉडनॅक्सबाई’ म्हणाली आणि ताट पुढ्यात ठेवून गेली. डेल्फीनने मक्याचा पाव कुस्करून दुधात कालवला, चमचा भरला आणि आत्याच्या तोंडाशी नेला, दुसरीकडे पाहत.